आधी सही, मग पुस्तक

कोशबाईंचं खरं नाव वाचनालयाच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळ्या जगासाठी त्या कोशबाई. पहिल्या मजल्यावरची संदर्भ खोली त्यांच्या ताब्यात. बावीस कपाटं, चार लांब टेबलं, आणि एक पंखा, जो दिवसभर डावीकडून उजवीकडे ‘नाही, नाही’ अशी मान हलवत असे. हा पंखा कार्यकारी समितीने स्वतःच्या हातांनी निवडला होता, हे बघताच कळायचं.

बाई या खोलीत आल्या त्या एकोणिसाव्या वर्षी, धूळ झाडायला. शाळा सातवीत सुटलेली. पण कोश झाडायचा म्हणजे उघडावा लागतो, आणि उघडला की डोळे काही मिटून घेता येत नाहीत. पहिल्या वर्षात त्यांचं झाडून झालं ‘अ’पासून ‘ख’पर्यंत. त्या काळात त्यांना खगोलशास्त्र यायचं, गणित यायचं नाही. कुणी हत्तीबद्दल काही विचारलं तर त्या गंभीरपणे सांगत, “सहा वर्षांनी या.” सहा वर्षांनी खरोखरच एक जण आला, तेव्हा बाईंनी त्याला हत्तीच्या दातांपासून दाढांपर्यंत सगळं उभ्याउभ्या सांगितलं. बिचारा पत्ता विचारायला आला होता.

मग त्यांनी परीक्षा दिली. दोनदा आपटल्या, तिसऱ्यांदा पास झाल्या आणि संदर्भ सहायक झाल्या. फडकं गेलं, टेबल आलं, शिक्का आला, आणि आली ती जाड लाल पाठीची वाचक-नोंदवही. त्या वहीचा एकच नियम: आधी सही, मग पुस्तक. वाचकाने तारीख, वेळ, कपाट क्रमांक आणि नाव स्वतःच्या हाताने लिहायचं. त्याशिवाय संदर्भ ग्रंथाला बोट लावायचं नाही. एकदा खुद्द नगराध्यक्ष लवाजमा घेऊन आले आणि नकाशांच्या ग्रंथाला हात घातला. बाईंनी तो हात मनगटाला धरून वहीवर ठेवला. नगराध्यक्षांकडे पेन नव्हतं. बाईंनी आपलं पेन दिलं, आणि ते पेन घेतल्याची सही दुसऱ्या वहीत घेतली. ज्यांना आयुष्यभर लोकांनी अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलं त्यांच्या घरात जन्मलेली बाई होती ती. सही म्हणजे काय चीज असते, हे खुर्चीवर जन्मलेल्यांना कळायचं नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक मुलगी आली. बारा पूर्ण व्हायला आलेली, दोन वेण्या, आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याचा मुद्दा खोडायची तयारी. तिला घरचे वकील म्हणत.

“मावशी, मला ज्यू धर्मावर पुस्तक हवंय. आमच्यात बारा पूर्ण झाली की मुलीवर मोठ्यांचे नियम लागू होतात. कोणते ते मला आधी बघून घ्यायचेत.”

“मावशी घरी. इथे बाई म्हणायचं. सही कर.”

वकिलाने फर्रकन सही केली. बाईंनी मोठ्या कोशाचा खंड काढला, पान उघडलं. तिथे छापलेलं होतं: ‘ज्यू: पाहा, प्राचीन लोक.’ बाईंनी दुसरा खंड काढला. ‘प्राचीन लोक: पाहा, ज्यू.’

वकील दोन्ही पानांकडे आळीपाळीने बघत राहिली. “आम्ही प्राचीन? बाई, माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे.”

बाईंचे कान तापले. बावीस कपाटं, तीस वर्षं, आणि एका पोरीला देण्यासारखी एक ओळ निघू नये? ती निघाली तीही गोल गोल फिरवणारी! त्यांनी त्याच दुपारी समितीला अर्ज लिहिला: किशोरवयीन वाचकांसाठी ज्यू धर्माचं स्वतंत्र संदर्भ कपाट हवं. समितीने विचारलं, किती वाचक? बाईंनी लिहिलं, गावात घरं थोडी आहेत, पण पोरं आहेत आणि त्यांना डोकी आहेत. समितीने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. चौथ्या अर्जाला बाईंनी त्या दोन ‘पाहा’वाल्या पानांच्या नकला जोडल्या आणि खाली लिहिलं, ‘समितीने हे वाचून दाखवावं. थांबायचं कुठे तेही सांगावं.’

कपाट मंजूर झालं. क्रमांक तेवीस. त्यात किशोरांसाठीचा सहा खंडांचा धर्मकोश, हिब्रू चित्र-शब्दकोश, सणवारांची दिनदर्शिका, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारी काम न करण्याच्या, नियमांचं प्रश्नोत्तरांचं पुस्तक आणि एक नकाशांचा ग्रंथ. बाईंनी स्वतः लेबलं चिकटवली, शिक्के मारले. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं हे त्यांना नंतर कळलं, तोवर पहिल्या पानाचा शिक्का शेवटच्या पानावर बसला होता. वकिलाने ते लगेच हेरलं.

“बाई, सुरुवात इकडे असते.”

“माहीत आहे. मुद्दाम मारलाय. पुस्तक पूर्ण वाचलं की नाही, ते कळायला.”

आता अडचण वेळेची. शाळा पाच वाजता सुटायची आणि वाचनालय पाचला बंद व्हायचं. उन्हाळ्याची मोठी सुट्टी सोडली तर शाळेला सुट्टी असली की वाचनालयालाही सुट्टी. ज्या कुणी हे वेळापत्रक केलं त्याच्या डोक्यात एकही मूल कधी पायरी चढलेलं नसणार. शाळा चालू असताना किशोरांना संदर्भ खोली उघडी ती फक्त शनिवारी, दोन ते पाच.

पहिल्याच शनिवारी अकरा मुलंमुली रांगेने जिना चढून आली. सकाळची प्रार्थना आटोपून, चालत, हात हलवत. दप्तर नाही, पेन नाही. बाईंनी वही पुढे सरकवली.

“करा सह्या. एकेक.”

कुणी हलेना.

“बाई, आज शब्बाथ आहे,” वकील म्हणाली. “शब्बाथला आम्ही लिहीत नाही.”

“नाव लिहायला काय जातंय?”

“पण नाव म्हणजे लिहिणंच झालं ना,” तिच्या मागून एक उंच मुलगा म्हणाला. हा प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू करायचा, म्हणून त्याला सगळे पणपण म्हणत. “पण वाचायला चालतं. वाचायला तर चांगलंच.”

“मग सोमवारी येऊन आजची सही करा.”

“पण सोमवारी शाळा.”

“आणि सोमवारी शनिवारची तारीख टाकायची म्हणजे खोटं लिहिणं,” वकील म्हणाली. “तुम्हाला चालेल?”

बाईंना चालणार नव्हतं. मागची तारीख टाकणाऱ्या एका कारकुनाला त्यांनी एकदा जिन्यापर्यंत पिटाळलं होतं. नियम म्हणजे नियम. मुलांनीही मान डोलावली. नियमाशी घेणंदेणं असलेल्या माणसाबद्दल त्यांना आदरच वाटला. मग ती अकराच्या अकरा कपाटासमोर गेली, हात पाठीमागे बांधले आणि पुस्तकांच्या पाठी वाचायला लागली. “खंड एक. खंड दोन. खंड तीन.” सहापर्यंत गेली आणि परत एकपासून सुरू झाली. तिसऱ्या फेरीला बाईंचा धीर सुटला.

“बंद करा ते कवायतीसारखं! नियम काय म्हणतो? सहीशिवाय वाचकाने पुस्तकाला बोट लावायचं नाही. बरोबर? मी वाचक आहे का? नाही. मी कर्मचारी.” त्यांनी खंड चार ओढून काढला, छातीशी धरून उघडला. “डोळ्यांबद्दल नियमात अक्षर नाही. या पुढ्यात. पान उलटायचं झालं की मान हलवा.”

त्या दिवसापासून दर शनिवारी दोन ते पाच बाई पुस्तक धरून उभ्या राहू लागल्या. पुढे चार जण बसून, मागे चार उभे, बाकीचे खुर्चीवर चढून. मान हलली की बाई पान उलटत. वकील भराभर वाचायची, पणपण सावकाश. त्यावरून भांडणं व्हायची.

“बाई, उलटा!”

“पण थांबा! माझं अजून खालचं राहिलंय!”

“मी काय पंखा आहे का?” बाई म्हणायच्या. “ठरवा एकदा!”

खंडाचं वजन साडेतीन किलो. तिसऱ्या आठवड्यात बाईंना भात वाढायला हात वर जाईना. त्यांचे यजमान शिंपी. त्यांनी फारसं काही विचारलं नाही, टेप काढली, बाईंच्या खांद्यापासून पोटापर्यंत माप घेतलं, मग म्हणाले, “पुस्तकाचं माप?”

“अहो, कशाला?”

“अगं, तुझं सैल ठेवता येईल. त्याचं नाही.”

पँटच्या जाड कापडाचा एक पट्टा तयार झाला, गळ्यात अडकवायचा, पोटाशी पुस्तकाला कप्पा, खांद्यावर कापसाची गादी, आणि यजमानांना राहवलं नाही म्हणून बाजूला एक खिसा. बाई तो घालून पहिल्यांदा खोलीत आल्या तेव्हा वर्तमानपत्र वाचणारे एक पेन्शनर आजोबा उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, काहीतरी समारंभ आहे.

आता पुस्तक गळ्यातच म्हटल्यावर बाईसुद्धा वाचू लागल्या, उलटं. उलटं वाचायला त्यांना महिना लागला. आणि वाचता वाचता त्यांच्या डोक्यात सहीचा किडा परत वळवळला.

“काय गं वकील, इथे म्हटलंय, दोन अक्षरं लिहिली की ते काम धरतात. मग प्रत्येकाने एकच अक्षर लिहा की!”

“पुढचं पान उलटा, बाई.”

बाईंनी उलटलं. एका अक्षराचाही विचार करून ठेवलेला होता. शिक्षा नाही, पण करायचं नाही.

पुढच्या शनिवारी बाई नवीन युक्ती घेऊन आल्या. “एक अक्षर या भिंतीवर, दुसरं त्या भिंतीवर!”

“पण भिंतीही आहेत, बाई. खालून चौथी ओळ.”

“फळाच्या रसाने? वाळल्यावर दिसत नाही!”

“रस आहे,” वकील म्हणाली. “धुळीत बोटाने लिहिणंही आहे.”

बाई चिडल्या. आठवडाभर चिडलेल्या राहिल्या. भाजी चिरताना यजमानांना म्हणाल्या, “कोपराने लिहिलं तर?” यजमान म्हणाले, “कोपराने मी काजंही करणार नाही.” शनिवारी बाईंनी विजयी मुद्रेने कोपर पुढे केलं. पणपणने खेदाने मान हलवली. बाईंनी पान उलटलं. पायाने लिहिणं, तोंडाने लिहिणं, कोपराने लिहिणं, तिन्ही तिथे होतं.

“दोन हजार वर्षांपूर्वी,” बाई दात ओठ खात म्हणाल्या, “कुणीतरी बसून माझ्या डोक्यात येणारं सगळं आधीच लिहून ठेवलंय! कोण होता हा माणूस?”

“एक नव्हता, पुष्कळ होते,” वकील म्हणाली. “आणि त्यांचंही आपापसात पटत नव्हतं.”

हे ऐकून मात्र बाईंना बरं वाटलं.

असे तीन महिने होत आले आणि समितीच्या चिटणिसांची नोटीस आली. चिटणीस म्हणजे इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि जगात काहीही घडलं तरी आधी परिपत्रक काढणारा माणूस. नोटीस चार ओळींची. ज्या कपाटाची वाचक-नोंद सलग तीन महिने कोरी, ते कपाट रद्द, पुस्तकं तळघरात. कपाट क्रमांक तेवीस, नोंदी शून्य. येत्या शनिवारी पाहणी.

बाईंनी वही काढून तेवीस नंबरची पानं चाळली. शून्य. अकरा पोरं दर शनिवारी मान मोडेपर्यंत वाचत होती, आणि वही म्हणत होती शून्य. वहीचा काय दोष? बोट लावू दिलं नाही ते बाईंनी. स्वतःच्या नियमाला स्वतःच वळसा घातला, आणि त्या वळशाने कपाटाचा गळा आवळला. तळघरात गेलेलं पुस्तक परत वर आलेलं बाईंनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तिथे नळ गळायचा.

यजमानांनी घरी तोडगा काढला. “मी येतो गुरुवारी. एक सही ठोकतो तेवीस नंबरला. सुटला प्रश्न.”

“वाचणार का?”

“वाचेन की.”

गुरुवारी यजमान आले, सही केली, झोकात खंड दोन घेतला आणि सहाव्या मिनिटाला त्याच्यावर गाल ठेवून झोपले. घोरणं पेन्शनर आजोबांपर्यंत पोचलं. बाई टेबलापाशी उभ्या राहिल्या. कपाट तळघरापासून वाचत होतं, त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. त्यांनी लाल पेन काढलं आणि नोंदीवर आडवी रेघ मारली. शेरा लिहिला: ‘वाचन झाले नाही. उशी म्हणून वापर.’

“अगं, नवरा आहे मी तुझा!” यजमान गालावर खंडाच्या शिवणीचा वळ घेऊन म्हणाले.

“घरी. इथे वाचक. तोही नाही.”

शनिवारी अडीच वाजता चिटणीस आले. मागे दोन हमाल, एक दोरखंड घेऊन. दारातच चिटणीस थबकले. समोर कोशबाई, गळ्यात पट्टा, पोटाशी उघडा खंड, भोवती अकरा पोरं, आणि त्यातली तीन खुर्च्यांवर उभी.

“हे काय चाललंय?”

“वाचन,” बाई न हलता म्हणाल्या. हलल्या असत्या तर पणपणची ओळ चुकली असती.

“नोंदवही दाखवा.”

“टेबलावर आहे. तुम्हाला वाचता येतं.”

चिटणिसांनी वही चाळली. “तेवीस नंबर: शून्य. एक नोंद आहे, ती खोडलेली. उशी म्हणून वापर?” त्यांनी वही मिटली. “म्हणजे कपाट कुणी वापरत नाही.”

“आम्ही अकरा जण काय भिंतीवरची चित्रं आहोत?” वकील म्हणाली.

“सह्या कुठे आहेत?”

वकिलाने शब्बाथचं सांगितलं, पणपणने त्यात तीन ‘पण’ घातले. चिटणिसांनी सगळं शांतपणे ऐकलं. “समजलं. पण नियमात शब्बाथ नाही. हमाल, उचला.”

हमाल पुढे झाले. गळ्यात साडेतीन किलोचा खंड, हातांनी काही करता येईना. त्या नुसत्या कपाटाच्या आडव्या जाऊन उभ्या राहिल्या. “पाचपर्यंत खोली किशोरांची आहे. पाचला उचला. तोवर दोरखंड खाली.”

हमालांनी घड्याळाकडे पाहिलं, दोरखंड खाली ठेवला आणि त्याच्यावर बसले. पोरांनी वाचनाचा धडाका लावला. शेवटचे अडीच तास! आणि त्या पानावर नेमकं दोन पंडितांचं भांडण होतं. एकाचं मत मान्य झालेलं, दुसऱ्याचं फेटाळलेलं, आणि दोन्ही शेजारी शेजारी छापलेली. वकील मोठ्याने वाचत होती. चिटणिसांना राहवेना.

“एक मिनिट. दुसऱ्याचं मत फेटाळलं ना? मग छापलंय कशाला? जागा फुकट! आमच्या समितीत हरलेलं मत मी इतिवृत्तात घेतच नाही. वीस वर्षं घेतलेलं नाही.”

“पण ठेवतात,” पणपण म्हणाला. “हरलेल्याचं मत ठेवायचंच असतं.”

“कुणी सांगितलं?”

“पुस्तकात कारण दिलंय. पुढच्या काळातल्या न्यायाधीशांना ते कामी येऊ शकतं.”

“अशक्य. कुठलाही जबाबदार चिटणीस असं लिहिणार नाही.”

“खंड पाच,” वकील म्हणाली. “निळी खूण.”

“दाखवा बघू!” चिटणीस तरातरा कपाटाकडे आले आणि खंड पाचला हात घातला.

आणि तो हात मनगटाला धरला गेला.

“सही,” बाई म्हणाल्या.

“अहो, मी चिटणीस आहे!”

“नगराध्यक्षांनी केली. आधी सही, मग पुस्तक.”

“मी पाहणीला आलोय!”

“पाहा की. लांबून. बोट लावायचं असेल तर सही.”

चिटणिसांनी खंड पाचकडे पाहिलं. निळी खूण पानातून जीभ काढल्यासारखी बाहेर आली होती. अकरा पोरं टक लावून बघत होती. दोन हमालही. चिटणिसांनी तणतणत खिशातलं पेन काढलं आणि वहीत तारीख टाकली, वेळ टाकली, कपाट क्रमांक तेवीस, आणि खाली आपली ती प्रसिद्ध सही, जिच्या शेपटीला पाऊण ओळ लागायची. मग खंड घेऊन खुर्चीत बसले.

कारण तिथे होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग मागचं पान वाचलं, मग पुढचं. मग वकिलाला बोलावून म्हणाले, “हे तिसऱ्या पंडिताचं मला पटलेलं नाही.” वकील म्हणाली, “मलाही नाही, पण वेगळ्या कारणाने.” चारपर्यंत चिटणिसांच्या कॉलरचं बटण सुटलं होतं आणि ते पणपणशी वाद घालताना स्वतःच ‘पण’ने सुरू करू लागले होते. हमालांना झोप लागली होती.

पाच वाजता चिटणीस भानावर आले. चष्मा पुसला, आवाज घट्ट केला. “हं. कपाट. नियमाप्रमाणे, सलग तीन महिने नोंद कोरी असल्यास...”

“कोरी नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांनी वही उघडून समोर धरली. तेवीस नंबर, एक नोंद, पाऊण ओळ शेपटीसकट. बाईंनी त्यापुढे लाल पेनाने शेराही लिहून ठेवला होता: ‘वाचन झाले. दोन तास दहा मिनिटे.’

चिटणिसांनी सहीच्या शेपटीवर बोट फिरवून बघितलं. त्यांनी बाईंकडे संशयाने पाहिलं. पण बाईंच्या चेहऱ्यावर डाव साधल्याची खूण नव्हती, कारण बाईंनी डाव टाकलाच नव्हता. मनगट धरताना त्यांच्या डोक्यात फक्त नियम होता. सहीच्या शेपटीला पूर्णविराम पडला तेव्हा कुठे त्यांना दिसलं की कपाट वाचलं. त्यानंतरचे दोन तास दहा मिनिटं त्या पानं उलटत राहिल्या, आणि दर दोन पानांनी त्यांचा डोळा वहीकडे जायचा. पोरांनी ते हेरलं होतं. त्यांनी ‘उलटा’ म्हणणं कमी केलं होतं.

“पुढची मुदत आजपासून तीन महिने,” चिटणीस शेवटी म्हणाले.

“त्याच्या आत सुट्टी लागते,” वकील म्हणाली.

“सुट्टीत वाचनालय बंद.”

“गेल्या सुट्टीत उघडं होतं. मी सही केलीय. बघा वहीत.”

चिटणिसांनी पाहिलं. होती. “ती मोठी सुट्टी. मोठ्या सुट्टीत उघडं.”

“तीच लागतेय,” वकील म्हणाली. “मग आम्ही सोमवारीही येऊ, आणि सही करू.”

हमालांना उठवण्यात आलं. दोरखंड परत गेला.

पुढच्या महिन्यात समितीचं इतिवृत्त आलं. त्यात ठराव होता: चिटणिसांच्या विशेष संमतीने संदर्भ खोलीसाठी पुस्तक उघडं ठेवायची एक लाकडी वाचन-घोडी मंजूर. त्याखाली, वीस वर्षांत पहिल्यांदा, एक फेटाळलेलं मतही छापलं होतं. पाच विरुद्ध एक मतांनी हरलेलं. ‘संदर्भ खोलीतला पंखा बदलावा, असे चिटणिसांचे मत होते.’

घोडी आली. पोरं खूश झाली, पण दोन शनिवारांतच त्यांनी तक्रार केली. मान हलवली तरी घोडी पान उलटत नाही. बाईंनी नाक मुरडलं, खुंटीवरचा पट्टा काढला आणि गळ्यात अडकवला.

“चला, पुढ्यात या. कुठवर आलो होतो?”

“खंड पाच,” वकील म्हणाली.

“पण चारच्या शेवटची दोन पानं राहिलीत,” पणपण म्हणाला.